एकच ॲप, दोन प्रणाली : सोलापूरच्या कारखानदाराने काय निवडावे?

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील टॉवेलचा कारखानदार असो वा चाटी गल्लीतील कापडाचा ठोक व्यापारी, ऑर्डरी घेण्यासाठी स्वतःचे ॲप करून घ्यायचे ठरवले की अँड्रॉइड आणि आयफोनसाठी दोन वेगळी ॲप बनवावीत की एकाच कोडमधून दोन्हीकडे काम भागवावे, हा प्रश्न त्याच्यापुढे येतोच. अशी ॲप बनवून देण्याची कामे करताना माझे मत असे बनले आहे की उत्तर तंत्रज्ञानात शोधण्याआधी ॲप ज्यांच्या हातात राहणार त्यांचे फोन पाहावेत. मुनीम, जॉबर (मागांवरच्या कामगारांचा मुकादम) आणि गावोगावी फिरणारा विक्री प्रतिनिधी यांच्याकडे मला बहुतेक वेळा अँड्रॉइडच दिसतो. आयफोन असतो तो मालकांच्या घरात किंवा बाहेरगावच्या मोठ्या खरेदीदाराकडे. तिसऱ्या प्रणालीचा विचार आता करावा लागत नाही, कारण विंडोज १० मोबाइलला मिळणारे अपडेटसुद्धा जानेवारी २०२० मध्ये थांबले.

दोन स्वतंत्र ॲप म्हणजे अँड्रॉइडसाठी कॉटलिन आणि आयफोनसाठी स्विफ्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत वेगवेगळे काम. यात फोनची प्रत्येक सोय थेट वापरता येते, पण प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते आणि दोन्ही भाषा जाणणारी माणसे सांभाळावी लागतात. पाच-दहा प्रतिनिधींच्या धंद्याला हा खर्च पेलणे कठीण आहे, असे मी स्पष्टपणे सांगतो.

खरी निवड एकाच कोडमधून दोन्ही फोनांसाठी ॲप बनवणाऱ्या फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह या दोन साधनांत आहे. गूगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. त्याची भाषा डार्ट असून पडद्यावरचे प्रत्येक बटण ते स्वतःच रेखाटते, त्यामुळे स्वस्त अँड्रॉइडवर आणि महागड्या आयफोनवर ॲप जवळपास सारखेच दिसते. फेसबुकने २०१५ मध्ये खुले केलेले रिॲक्ट नेटिव्ह जावास्क्रिप्टवर चालते आणि फोनचीच बटणे व चौकटी वापरते. संकेतस्थळ रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्याच साधनात बनवलेले असेल आणि ते सांभाळणारा मुलगा हाताशी असेल, तर रिॲक्ट नेटिव्ह घ्यावे. शिवाय त्यातील जावास्क्रिप्टचा भाग ॲप स्टोअरच्या नियमांत राहून, पण तिथे नवे ॲप न चढवता, परस्पर अद्ययावत करता येतो, जी सोय फ्लटरमध्ये मुळात दिलेली नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र मी फ्लटर सुचवतो, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर पडद्यावरची मांडणी बिघडल्याच्या तक्रारी मला त्यात कमी आल्या.

दोन्हींत एक गोष्ट डोळ्यांनी तपासून घ्यावी. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठरवली, तर देवनागरीतील वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. ग्राहकांच्या यादीत ‘मैंदर्गी’ हे गाव लिहून पाहिले की अनुस्वार आणि रफार शाबूत आहेत का ते लगेच कळते. सोलापुरात कन्नड आणि तेलुगू नावेही त्याच यादीत येणार असल्याने तीही लिहून पाहावीत.

मात्र कोड एक झाला म्हणून फोनचे नियम एक होत नाहीत. एका टॉवेल कारखानदारांना मी फ्लटरमध्ये ॲप करून दिले, तेव्हा प्रतिनिधीच्या कमरेला अडकवलेला छोटा थर्मल प्रिंटर अँड्रॉइडवरून बिनतक्रार पावती देत होता, पण मालकांच्या मुलाच्या आयफोनवर तो ॲपच्या यादीतच येईना. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालणाऱ्या प्रिंटरशी ॲपला बोलू द्यायचे, तर त्या प्रिंटरला ॲपलची मान्यता असावी लागते. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथला, म्हणजे बीएलईला, ती अट नाही. रिॲक्ट नेटिव्हमध्येही हेच घडले असते. शेवटी बीएलईचा प्रिंटर घ्यावा लागला आणि हा खर्च मी आधी सांगितला नव्हता, याची खंत मला आजही आहे. म्हणून पावती छापायची असेल, तर ॲपच्या आधी प्रिंटर ठरवावा.

आयफोनची बाजू पैशांतही वेगळी आहे. गूगल प्लेचे खाते एकदाच २५ डॉलर भरून मिळते, तर ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर द्यावे लागतात आणि ॲप बांधण्यासाठी ॲपलचाच मॅक संगणक लागतो, मग तो स्वतःचा असो वा भाड्याचा. आयफोनवाले खरेदीदार मोजकेच असतील, तर त्यांना ब्राउझरमधून उघडणारे ऑर्डरपान द्यावे. आयफोनच्या प्रणालीच्या २०२३ मधील आवृत्तीपासून, म्हणजे आयओएस १६.४ पासून, होम स्क्रीनवर ठेवलेल्या अशा पानावरून सूचनाही पाठवता येतात.

खाते कारखानदाराच्याच नावावर काढावे आणि कोडचा ताबा करारात लिहून घ्यावा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, त्यामुळे दिवाळीच्या हंगामासाठी ॲप हवे असेल तर हे दोन आठवडे आणि तपासणीचा वेळ धरूनच काम सुरू करावे.