राजीनाम्यावर सही घेतली आणि माझी २६ आठवड्यांची रजा बुडवली

सातव्या महिन्यात माझ्याकडून राजीनामा घेतला गेला. मी तो लिहिलाच नव्हता. टाइप करून तयार होता, मी फक्त सही केली.

एमआयडीसीतली लहान कंपनी, आम्ही १४ जण. जून २०१९पासून मी तिथे अकाउंट्स बघत होते, पगार २८,०००. पगार २१,०००च्या वर, म्हणून ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, नाही. म्हणजे बाळंतपणाच्या रजेचे पैसे कंपनीनेच द्यायचे. मालकांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. वहिनींनी तर ऑफिसात माझी ओटी भरली होती. म्हणूनच जास्त जळतं.

१२ ऑक्टोबर २०२३ला दादांनी केबिनमध्ये बोलावलं. "सहा महिने घरबसल्या पगार देणं आपल्याला झेपत नाही गं. तू कागदोपत्री राजीनामा दे, बाळंतपण नीट होऊ दे, जागा तुझीच. परत आलीस की पगार वाढवून नवीन लेटर देतो."

कागद समोर आला. खाली सहीची जागा, आणि तारखेची जागा कोरी. मी विचारलं, "दादा, तारीख?" ते म्हणाले, "ती नंतर टाकू, हिशोब बघून." इथेच मी उठायला हवं होतं. दर महिन्याला १४ जणांचं पगारपत्रक करणारी मी, कोऱ्या तारखेचा कागद काय असतो हे मला कळत नव्हतं? कळत होतं. पण पाय सुजलेले, सकाळपासून बीपी वाढलेलं, नवऱ्याचं काम कंत्राटी, आणि समोर चार वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं तो माणूस. मी अडाणी नाही, बी.कॉम. आहे. विश्वास टाकला, एवढंच.

डिसेंबरात माहेरी बार्शीला मुलगी झाली. एप्रिल २०२४ला मी फोन केला तर माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसलेली. दादा म्हणाले, "तुम्ही स्वतःच सोडून गेलात ना?" आदल्या वर्षीपर्यंत मी 'तू' होते, आता 'तुम्ही' झाले.

पीएफच्या पोर्टलवर बघितलं तर नोकरी सोडल्याची तारीख ३० सप्टेंबर २०२३! म्हणजे ऑक्टोबरचे १२ दिवसही गिळले. ९ ऑक्टोबरला मी कंपनीच्या मेलवरून पाठवलेली बिलं माझ्याकडे आहेत. सहा महिन्यांचे १,६८,००० गेले, वैद्यकीय बोनसचे ३,५०० गेले. जूनमध्ये पाच वर्षं पूर्ण होऊन ग्रॅच्युइटी मिळाली असती. मूळ पगार १६,००० धरून ती ४६,१५४ होते, तीही गेली. हिशोब मीच केलाय, चुकणार नाही.

कंपनीकडून गरोदरपणात आलेला कुठलाही कागद घरी नेऊन वाचल्याशिवाय सही करू नका. रजेचा अर्ज तोंडी देऊ नका, ईमेल करा.

आणि कामगार खातं! मे महिन्यात पाच महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन गेले. साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर. जूनमध्ये गेले, साहेब बाहेर. जुलैमध्ये भेटले आणि फाईल न उघडताच म्हणाले, "मॅडम, राजीनामा आहे ना सहीचा? काढून टाकलं असतं तर बघितलं असतं. आणि अपिलाचे साठ दिवसही गेले." ते साठ दिवस मला मेमध्येच कोणी का नाही सांगितले? पंख्याखाली बसलेला क्लार्क म्हणाला, "जुळवून घ्या ना ताई, लहान बाळ आहे." बाळ लहान आहे म्हणूनच तर आले होते! अर्जाची पोच मागितली तर "साहेबांना विचारून सांगतो". पोच मिळायला तीन खेपा झाल्या. तुम्ही अर्ज दिलात तर त्यावर शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

कंपनीचं उत्तर काय आलं माहितीये? "आमच्याकडे नऊच कामगार आहेत." बाळंतपणाच्या रजेचा कायदा दहा माणसांपासून लागू, म्हणून पाच जण अचानक ठेकेदाराच्या नावावर दाखवले. आधीच्या १२ महिन्यांत एक दिवस जरी दहा माणसं कामावर असली तरी दुकानं-कार्यालयांना कायदा लागू होतो, हे मला वकिलांनी सांगितलं. त्यांची फी ५,०००. आपल्या पगारपत्रकांच्या प्रती आधीच घरी ठेवा. माझ्याकडे सात महिन्यांच्याच आहेत.

प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असलं की पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. २०१७पासूनची ही तरतूद नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. "लहान कंपनीला जमत नाही" हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही.

मुलगी आता दोन वर्षांची झाली. कामगार खात्यातल्या सुनावणीच्या मागच्या तारखेला मला राजीनाम्याची प्रत मिळाली. माझी सही काळ्या शाईत, तारीख निळ्या शाईत, आणि अक्षर दादांचं. पगाराच्या चेकवर चार वर्षं बघितलेलं अक्षर. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "शाईचं काय घेऊन बसलात." पुढची तारीख दिली.