शेल्टर्ड वर्कशॉप की जॉब कोचसोबत खरी नोकरी?
दिव्यांग मुलाची शाळा संपत आली की पुढं काय हा प्रश्न येतो आणि बहुतेक आईवडिलांना आधी शेल्टर्ड वर्कशॉपच, म्हणजे फक्त दिव्यांगांसाठी असलेली कामाची जागा सुचते, कारण तिथं सुरक्षित वाटतं, ओळखीचे चेहरे, ठरलेली वेळ, कुणी हिडीसफिडीस करत नाही. हे थोडंथोडकं नाहीये. पण आधी ट्रेनिंग मग नोकरी म्हणता म्हणता वर्षं जातात आणि पाकिटं भरणारा मुलगा पाकिटंच भरत राहतो, पैसेही बऱ्याचदा नावापुरते.

सपोर्टेड एम्प्लॉयमेंटमध्ये, म्हणजे जॉब कोचच्या मदतीनं खऱ्या नोकरीत, उलटं, आधी नोकरी आणि शिकायचं तिथंच. जॉब कोच सुरुवातीला शेजारी उभा राहून कामाचे बारीक तुकडे पाडतो, फोटोंची चेकलिस्ट लावतो, ब्रेक संपला हे कळायला मोबाईलवर अलार्म, मग हळूहळू मागं सरकतो आणि सहकारीच सांभाळून घ्यायला लागतात. फक्त कोच लवकर काढला की घडी विस्कटते, आणि एकट्यानं प्रवास करायला आधीपासून शिकवावं लागतं.

मी तरी दुसऱ्याच बाजूची, यूएनच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातलं कलम २७ पण सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या ठिकाणी काम करायचा हक्क सांगतं. खूप जास्त आधार लागत असेल तर वर्कशॉप निवडा, पण मुलाला विचारून, आणि दरवर्षी परत विचारून.