आईचा एक डोळा लेसरनं, एक हातानं : सांगलीतल्या दवाखान्याचा अनुभव

मी कुपवाड एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं मशीन, चालवतो. त्यामुळं दवाखान्याच्या फलकावर ‘रोबोटिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया’ वाचलं आणि आईला तिथंच न्यायचं ठरवलं. आई तासगावला बेदाणा निवडायला जाते. वर्षभर तिला हिरवा मालही पिवळाच दिसत होता.

काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “सगळं रोबोट करतो, डॉक्टरांचा हात लागत नाही.” साध्या फेकोपेक्षा (डॉक्टर हातानं, ध्वनिलहरींच्या सुईनं मोतीबिंदू फोडून काढतात ती नेहमीची शस्त्रक्रिया) पंचवीस हजार जास्त, म्हणजे आईची दोन महिन्यांची मजुरी. उजवा डोळा तसाच करून घेतला.

पट्टी निघाल्यावर आई घरी मूठभर बेदाणे घेऊन बसली. एकदा हा डोळा झाकायची, एकदा तो. “आरं, ह्या डोळ्यानं हिरवं हाय, त्या डोळ्यानं पिवळं!” दिवसभर तिचं तेच चाललं होतं.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांनाच विचारलं, रोबोट नेमकं काय करतो? त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला. ते यंत्र म्हणजे फेम्टोसेकंद लेसर. आधी डोळ्याचं मोजमाप घेतं, मग बुबुळाच्या कडेला छेद, भिंगाच्या पिशवीवर साधारण 5 मिलिमीटरचा गोल काप, आणि भिंगाचे तुकडे. काप अगदी गोल येतो, हे खरं. पण तुकडे ओढून काढणं, नवं भिंग बसवणं, हे सगळं डॉक्टरांच्या हातानंच. पिशवीचा मागचा पडदा जेमतेम 4 मायक्रॉन; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमच्याकडं 10 मायक्रॉनच्या फरकावरून जॉब (तयार भाग) रिजेक्ट होतात, आणि ही माणसं हातानं त्या पडद्याच्या अलीकडं थांबतात!

खरा रोबोट डोळ्याच्या आत पहिल्यांदा गेला तो 2016 साली ऑक्सफर्डला. दृष्टिपटलावरचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका पातळ पडदा काढायला. तिथंही जॉयस्टिक डॉक्टरांच्याच हातात होती. यंत्र हाताची थरथर गाळत होतं. अशा नाजूक कामात त्याचा उपयोग मला लगेच पटला.

“मग डावा डोळा?” मी विचारलं. ते सरळ म्हणाले, “आईंचा मोतीबिंदू साधा आहे, फेको पुरेल. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या चाचण्यांतही लेसरचा निकाल सरस आला नाही.” एवढं स्पष्ट बोलणारा डॉक्टर भेटला, म्हणूनच मी हे लिहायला बसलो.

डावा डोळा हातानं झाला. वेळही कमी लागला, कारण लेसरच्या खोलीतून ऑपरेशनच्या खोलीत न्यायचं नव्हतं. लेसरच्या वेळी डोळ्यावर रिंग दाबून बसवतात, त्यानं उजव्या डोळ्यात आठवडाभर लाल डाग होता. डाव्यात काही नाही. आज दोन्ही डोळ्यांनी आई सारखंच वाचते.

डॉक्टरांना पाच तारे. दवाखान्याला तीनच, त्या फलकापायी. तिथं ‘लेसर’ लिहा, ही हात जोडून विनंती. मजुरी करणारी माणसं ‘रोबोट’ शब्दावर कर्ज काढतात. थेंबांचं वेळापत्रक मात्र मराठीत, मोठ्या अक्षरांत देतात. डाव्या डोळ्याच्या वेळचं आईनं स्वतः वाचलं.