डिक्शनरी ॲप चांगलं आहे, पण ‘कोक्स’चा अर्थ ‘फुसलावणे’?

भाषांतराच्या कामात हे इंग्रजी-मराठी डिक्शनरी ॲप मी रोज वापरते. ऑफलाइन चालतं, सर्च पटकन होतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ‘कोक्स’ (coax) ह्या इंग्रजी क्रियापदाची नोंद बघून एक स्टार कमी केलाय आणि का ते सविस्तर लिहितेय.

पहिलाच अर्थ दिलाय ‘फुसलावणे’. अहो, फुसलावणे म्हटलं की मराठीत लगेच वाईट हेतू आला, बातम्यांमध्ये ‘फूस लावून पळवलं’ येतं तसा. मुळात १६व्या शतकात इंग्रजीत ‘कोक्स’ म्हणजे भोळसट, मूर्ख माणूस आणि क्रियापदाचा अर्थ कुणालातरी मूर्ख बनवणं, तिथून तो आला असेल तर समजू शकते, पण मग जुना अर्थ असं लिहा ना. आता मूल औषध घेत नाहीये, तुम्ही शेजारी बसून गोड बोलत, न चिडता, परत परत सांगत शेवटी घ्यायला लावता, ते कोक्स. पलंगाखाली लपलेल्या मांजराला बाहेर आणणं तेही कोक्स. जबरदस्ती नाही आणि पहिल्या नकाराला सोडूनही द्यायचं नाही, दोन्ही पाहिजे.

दुसरा अर्थ ‘मन वळवणे’, बरा आहे, पण ‘पर्स्वेड’लाही तोच दिलाय, आणि तिथे मुद्दे मांडून पटवणंही येतं, लाडीगोडी लागत नाही. सगळ्यात जवळचा शब्द मनधरणी, तो नोंदीत नाहीच! ‘गळ घालणे’ दिलाय खरा पण गळ घालण्यात आग्रह जास्त, समोरच्याला अवघडायला होतं. चुचकारण्यात माया आहे पण काम करून घेणं त्यात येतंच असं नाही.

उदाहरणं मात्र खरंच छान निवडलीयत. ‘इनटू’ लावलं की एखादी गोष्ट करायला लावणं आणि ‘आउट ऑफ’ लावलं की काढून घेणं, म्हणजे लाजऱ्या माणसाकडून हसू किंवा गप्प बसलेल्याकडून दोन शब्द, हा फरक नवशिक्याला लगेच कळेल. वस्तूंसाठीही वापरतात हे पण दाखवलंय, विझत आलेली आग, थंडीत सुरू न होणारं इंजिन. तिथे मनधरणी चालत नाही, मी तरी ‘हळूहळू, जपून पेटवली’ असंच लिहीन.

आणि ऑडिओ तर साफ चुकलाय. ‘को-ॲक्स’ असं दोन तुकड्यांत ऐकू येतं, तो कोॲक्सिअल केबलचा, म्हणजे टीव्हीला लावतात त्या वायरचा, शॉर्टफॉर्म झाला, त्याचा ह्याच्याशी काहीही संबंध नाही. क्रियापद एका दमात ‘कोक्स’ असंच म्हणायचं. शिकणारी मुलं ऐकून तसंच बोलतात म्हणून पुढच्या अपडेटमध्ये आधी हे दुरुस्त करा, मग मनधरणी टाका.