गुरुग्राम की पुणे? पहिल्यांदा गोल्फ बघायला जाणाऱ्या बेळगावकरासाठी

टिळकवाडीतल्या एका दोस्तानं परवा विचारलं, "इंडियन ओपन बघायला दिल्लीकडं जाऊ की पुण्यात काय असेल ते बघू?" मी दोन्हीकडं पाय दुखवून आलोय, म्हणून सांगतो.

आधी एक गोष्ट. कुस्तीच्या फडात एका जागी बसलं की सगळं दिसतं. गोल्फमध्ये तसं नाही. अठरा होलची (बॉल घालायच्या खळग्यांची) वाट सात-आठ किलोमीटरची, त्यावर तिघा-तिघांचे कितीतरी गट एकाच वेळी खेळत असतात. म्हणजे काय बघायचं यापेक्षा काय सोडायचं, हेच ठरवायचं असतं.

दिल्लीजवळच्या गुरुग्रामचं पारडं नावानं जड, इंडियन ओपन तिथंच होते. इंडियन ओपन १९६४ पासूनची, पहिला विजेता ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन. १९९१ मध्ये अली शेर जिंकला, तो मूळचा कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा. एस.एस.पी. चौरसियानं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ मारली, दुसऱ्या वेळी तब्बल सात फटक्यांच्या फरकानं. त्याचे वडील कोलकात्याच्या क्लबात गवत राखायचे. आता ही स्पर्धा युरोपच्या टूरचा, म्हणजे तिथल्या स्पर्धांच्या मालिकेचा भाग आहे, बहुतेक मार्चअखेर डीएलएफ क्लबच्या कोर्सवर (मैदानावर) होते. गॅरी प्लेअरनं आखलेला हा कोर्स भलताच अवघड आहे. नावाजलेल्या खेळाडूचा बॉल दगडाच्या खाणीत गडप होताना बघायला मिळतो, आणि खरं सांगू, त्यात वेगळीच मजा असते.

पण तिथं पोचायचं म्हणजे गोवा एक्सप्रेसनं दोन रात्री, नाहीतर विमान. वर राहण्याचा खर्च. आणि रविवारी आघाडीवरच्या खेळाडूंमागं एवढी गर्दी की टाचा उंचावूनही लोकांच्या टोप्याच दिसतात.

पुण्याचं तसं नाही. येरवड्यात पूना क्लबच्या कोर्सवर पीजीटीआयच्या, म्हणजे आपल्या देशी टूरच्या स्पर्धा झाल्यात. दरवर्षी असेलच असं नाही, वेळापत्रक बघून घ्यायचं. परदेशी मोठी नावं नसतात. पण दोरीच्या पलीकडं चार पावलांवर खेळाडू आणि कॅडी कुजबुजतात, कॅडी चिमूटभर गवत हवेत सोडून वारा बघतो, मग खेळाडू क्लब (मारायची काठी) बदलतो. बॉलवर क्लब नीट बसला की जो 'टक्' आवाज येतो, तो टीव्हीवर कधीच तसा येत नाही. टोकियो ऑलिंपिकला गेलेला उदयन माने पुण्याचाच, त्यामुळे आपला माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही.

दिवस कुठला? मी गुरुवार-शुक्रवार म्हणेन. शुक्रवारी संध्याकाळी कट लागतो, म्हणजे दोन दिवसांच्या खेळावरून छाटणी: युरोपच्या टूरवर पहिले ६५ आणि बरोबरीतले पुढं, पीजीटीआयला ५० आणि बरोबरीतले, बाकीचे घरी. कटच्या काठावरचा खेळाडू शेवटच्या होलवर तीन फुटांवरून बॉल होलमध्ये ढकलायला किती वेळ घेतो, ते बघाच. चषक बघायचा असेल तर रविवार, पण तो घरी टीव्हीवरही दिसतो.

दोन्हीकडं सारखंच: मार्शलनं, म्हणजे गर्दी सांभाळणाऱ्यानं, हात वर केला की थांबायचं, गप्प बसायचं. माझा फोन एकदा पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागी, वाजला होता, सगळ्यांनी वळून बघितलं, अजून कान तापतात. आणि बूट घाला. मी सँडलवर गेलो नि दुपारपर्यंत दोन फोड आले.

तेव्हा दिल्लीला तुझे पाहुणे असतील नि पुरेसे दिवस मोकळे असतील तर गुरुग्राम. नाहीतर आधी पुणे. गोल्फ बघायला आवडतं का, हे कळायला दोन रात्री रेल्वेत काढायची गरज नाही. माझ्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. बुधवारी दुपारी निघू, निपाणीला चहा.