रंगाखालचा तडा

माझ्याकडे १९५१ सालचा शेव्हर्ले ट्रक आहे. इंजिन मूळचंच, २१६ क्युबिक इंचाचं, सहा सिलिंडरचं. त्याच्या हेडला, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाला, दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडांच्या) मधोमध तडा गेला होता. इतक्या जुन्या बिडाच्या हेडला तडा जाणं काही नवीन नाही. दुसरं हेड बघायचं ठरवलं आणि कित्येक महिने शोधल्यावर एकाकडे मिळालं.

फोटो बघून मी हरखलो. करड्या रंगाचा ताजा हात, कुठे गंजाचा ठिपका नाही. "साहेब, न वापरलेला जुना स्टॉक आहे," असं तो म्हणाला. इथेच मला थांबायला हवं होतं. कोरा पार्ट तेल-ग्रीस लावून जपलेला असतो, त्याला नवा रंग कशाला लागेल? कास्टिंग नंबर, म्हणजे पार्टवर ओतलेला ओळख क्रमांक, मागितला तर त्याने फक्त तारखेच्या कोडचा फोटो पाठवला: सी १४ ३. शेव्हर्लेच्या ओतीव पार्टवर महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा असतो. म्हणजे १४ मार्च, पण तो ३ कुठल्या दशकातला हे कोडवरून कळत नाही. तो १९५३ म्हणाला. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी पैसे घेऊन येतंय, असंही म्हणाला. मी सगळी रक्कम त्याच्या खात्यात भरून टाकली.

हेड आलं, बसलं, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. आठवडाभर मी खुशीत होतो. मग रेडिएटरचं पाणी रोज थोडं थोडं कमी व्हायला लागलं आणि सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ यायला लागली. हेडखालचं गॅस्केट नीट बसलं नसेल म्हणून मी बोल्ट पुन्हा ठरल्या टॉर्कला (ठरलेल्या जोराने) आवळले आणि गाडी चालवत राहिलो. माझ्या हातून झालेली सगळ्यात महाग चूक ही. एके दिवशी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढली तर तेल दुधाळ झालेलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं.

हेड उतरवून मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी ब्लेडने रंग खरवडला, रॉकेलचा बोळा फिरवला, कोरडं पुसून वरून खडूची पूड चोळली. दोनेक मिनिटांत पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटली, चौथ्या सिलिंडरच्या दोन्ही सीटच्या मधून थेट पाण्याच्या वाटेकडे जाणारी. तड्यात इपॉक्सी भरून, घासून, वरून रंग मारला होता. इंजिन तापलं की तो भराव सुटायचा, आणि गाडी उभी असली की पाणी रिंगांवरून खाली तेलात उतरायचं.

हेडच्या पैशांवर मी एव्हाना पाणी सोडलं होतं. बँकेत तक्रार केली, पण पैसे मीच पाठवलेले, ते परत आले नाहीत. विकणाऱ्याचा फोन बंद. खरं दुखणं इंजिनाखालचं तेलाचं भांडं, ऑइल पॅन, उघडल्यावर दिसलं. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडमध्ये (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यांत) बदलता येणाऱ्या सुट्या शेलच्या बेअरिंग नसतात, बॅबिटचा मऊ धातू रॉडमध्येच ओतलेला असतो. तेल त्यांना मिळतं ते रॉडच्या टोकाच्या डिपरने, म्हणजे छोट्या पळीने, उचललेलं. त्या तेलात पाणी मिसळलं की बॅबिट टिकत नाही. चौथ्या आणि पाचव्या रॉडचं बॅबिट पुसलं गेलं होतं, पॅनच्या तळाशी त्याचे चंदेरी कण बोटाला लागत होते. सत्तर वर्षं टिकलेली वस्तू माझ्या हातात खराब झाली, याचं वाईट अजून वाटतं.

तुम्ही असं हेड घेणार असाल तर रंगवलेलं घेऊच नका. घ्यायचंच झालं तर व्हॉल्व्ह सीटच्या आसपासचा रंग आधी काढून मागा. "रंग खराब होईल" म्हणणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका. प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती बघणं) गरम पाण्यात करून मागा, कारण थंड हेडमध्ये बारीक तडा मिटलेला राहतो. हेड फेस करून (तळ घासून सपाट करून) किती पातळ झालंय हे जाडी मोजून बघा. आणि पाणी कमी होऊ लागलं की त्याच दिवशी गाडी बंद करून डिपस्टिक काढा.

क्रँकशाफ्ट वाचला आहे. रॉडमध्ये बॅबिट ओतणारा एक म्हातारा कारागीर सापडलाय, त्याच्याकडे दोन्ही रॉड दिले आहेत. दुसरं हेडही पाहिलंय, गंजलेलं, बिनरंगाचं. त्याचा मालक माझ्यासमोर टेस्ट करायला तयार आहे.