गोव्यातील गाडीसाठी मेण की सिरॅमिक कोटिंग?

गाडीचा रंग निस्तेज झाला असेल, तर संरक्षक थर निवडण्याआधी पॉलिश करणे आवश्यक आहे, कारण मेण बारीक ओरखडे थोडेफार झाकते, पण सिरॅमिक कोटिंग ते आहेत तसेच पारदर्शक थराखाली पक्के करून टाकते. नखाला अडकणारा खोल ओरखडा मात्र पॉलिशने सहसा जात नाही. तो घालवण्याच्या नादात साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा क्लिअर कोट, म्हणजे गाडीच्या रंगावरचा मूळ पारदर्शक थर, घासून संपवू नये.

कार्नोबा मेण, म्हणजे एका प्रकारच्या ताडाच्या पानांपासून मिळणारे मेण, फोमच्या पॅडने पातळ लावून मायक्रोफायबरच्या कापडाने पुसायचे असते आणि हात चुकला तरी ते पुन्हा लावता येते. नवशिक्यासाठी हा गुण मला फार मोलाचा वाटतो. परंतु कळंगुट किंवा कोलवा येथील खाऱ्या वाऱ्यात आणि जून ते सप्टेंबरच्या पावसात ते काही आठवडेच टिकते.

सिलिकॉन डायऑक्साइडवर आधारलेले सिरॅमिक कोटिंग वर्ष-दोन वर्षे टिकू शकते, आणि डिचोली, सावर्डे भागातील तांबडी धूळ त्यावरून पाण्याने अधिक सहज निघते. तीच धूळ कोरड्या फडक्याने पुसल्यामुळे नवे ओरखडे पडतात. मात्र कोटिंगचा जास्तीचा थर वेळेत पुसला नाही तर त्याचे डाग घट्ट बसतात, ते पुन्हा पॉलिश करूनच काढावे लागतात, आणि लावल्यावर निदान 24 तास गाडीला पाणी लागता कामा नये. त्यामुळे नवशिक्याने आधी मेणावर हात बसवावा आणि कोटिंग पावसाळा संपल्यावर, कोरड्या हवेत, छताखाली लावावे, असे माझे मत आहे.